गर्द, सुई आणि रोजचं औषध

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजच्या बोलण्याची सुरुवात मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका पिकापासून करणार आहे. २०१२ सालच्या फेब्रुवारीत परळी तालुक्याच्या शिवारात पोलिसांना अफूची शेती सापडली आणि बीडचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. आम्ही तर खसखस लावली होती, असं शेतकरी सांगत होते. कोणाला काय ठाऊक होतं, याचा निवाडा करणं माझं काम नाही. पण झाडापुरतं बोलायचं तर दोन्ही बोलणी एकाच झाडाची आहेत. बोंड वाळू दिलं की आत खसखशीचे दाणे तयार होतात. तेच बोंड हिरवं असताना त्यावर चिरा दिल्या की पांढरा चीक पाझरतो, वाळून तपकिरी होतो, ती अफू. अफूतून मॉर्फिन काढतात. मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉईन होतं. आणि हेरॉईनचा कच्चा, भेसळीचा, तपकिरी भाऊबंद म्हणजे ब्राऊन शुगर. मराठीत त्याला नाव पडलं गर्द.

आज मला ज्या औषधाविषयी बोलायचं आहे, ते मेथाडोन. ते या बोंडातून निघत नाही, कारखान्यात तयार होतं. पण शरीरात गेल्यावर काम करतं ते अफूच्याच जागी बसून. आणि ज्या आजाराविषयी बोलायचं आहे, तो एचआयव्ही. या दोघांची गाठ पडते ती इंजेक्शनच्या सुईवर.

एचआयव्ही म्हटलं की आपल्या जिल्ह्यात कोणाच्या डोळ्यांसमोर सुई येत नाही. ट्रक येतो, धाबा येतो, परमुलखात गेलेला माणूस येतो. त्यात खोटं काही नाही. महाराष्ट्रात हा विषाणू मुख्यतः असुरक्षित शरीरसंबंधांतूनच पसरला. पण सुईची वाट त्याहून जवळची आहे. शिरेत इंजेक्शन घेताना थोडं रक्त सिरिंजमध्ये ओढलं जातं. नशा करणारा ते पुन्हा आत ढकलतो आणि तीच सिरिंज शेजारच्याच्या हातात देतो. पहिल्याच्या रक्तात विषाणू असेल, तर दुसऱ्याच्या थेट शिरेत तो पोहोचतो. ना कातडीची आडकाठी, ना आणखी कशाची.

हा प्रवास किती वेगाने होतो, ते मणिपूरने पाहिलं. तिथे हेरॉईन शिरेतून घेणाऱ्या तरुणांच्या तपासण्या १९८६पासून होत होत्या. १९८९च्या शरदापर्यंत त्यांत एकही बाधित सापडला नव्हता. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मे तरुण बाधित निघाले. शरीरसंबंधातून ज्या गोष्टीला वर्षानुवर्षं लागतात, ती सुईने एका हंगामात केली. त्यांच्यामागोमाग त्यांच्या बायका बाधित झाल्या, मुलं झाली. सुई कधीही हातात न धरलेल्या बायका.

देशभराचा आकडा सांगतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या म्हणजे ‘नॅको’च्या २०१७च्या पाहणीत इंजेक्शनद्वारे नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सहा टक्क्यांहून अधिक होतं. त्याच वर्षी सर्वसाधारण प्रौढ लोकसंख्येतलं प्रमाण होतं ०.२२ टक्के. आणि अशी माणसं किती? केंद्र सरकारने दिल्लीच्या ‘एम्स’कडून करून घेतलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा अंदाज सुमारे साडेआठ लाखांचा आहे. अफूवर्गीय पदार्थांच्या गंभीर विळख्यात असलेली माणसं जिथे जास्त आहेत, त्या राज्यांमध्ये महाराष्ट्राचंही नाव आहे.

मी पेशाने डॉक्टर. शिक्षण अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात झालं, पुढची काही वर्षं मुंबईत गेली आणि आता बरीच वर्षं माजलगावला दवाखाना चालवतो. गर्दचं पहिलं जवळून दर्शन मुंबईत झालं. आपल्याकडचे दारुडे मी लहानपणापासून पाहिले होते, पण हे प्रकरण वेगळं होतं. गर्दुल्ल्याला आनंद असा फार थोडे दिवस मिळतो. पुढे तो गर्द घेतो ते नुसतं सरळ उभं राहता यावं म्हणून. चार-सहा तासांनी अंमल उतरला की जांभया सुरू होतात. नाक-डोळे गळायला लागतात, अंगावर काटा येतो, पोटात पिळा पडतो, जुलाब होतात, हाडं आतून कोणी ठेचतंय असं वाटतं. व्यसनी मंडळींच्या भाषेत याला ‘टर्की’ म्हणतात. टर्की लागलेला माणूस आईच्या गळ्यातली पोतही काढून नेतो, असं आपण ऐकतो. ते खरं आहे. मात्र त्याला माणुसकीची चाड नाही म्हणून तो हे करतो, असं मला एवढे रुग्ण पाहिल्यावर म्हणवत नाही. बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याचाही गळा धरतो, तसलंच ते आहे.

मुंबईत गर्द आला तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा तो पन्नीवर ठेवून, खालून काडी लावून, निघणारा धूर नळीने ओढत. त्याला ‘चेसिंग’ म्हणत. अनिल अवचट यांनी या विषयावर ‘गर्द’ या नावाने लिहिलं आणि मध्यमवर्गीय मराठी घरांना या पुडीची ओळख झाली. पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते उभं केलं आणि १९९७मध्ये जाईपर्यंत त्यात जीव ओतला. मुक्तांगणची वाट पूर्ण व्यसनमुक्तीची. आधी टर्की पार करायची, मग काही आठवडे निवासात राहून मन बांधायचं, घरच्यांना सोबत घ्यायचं आणि बाहेर पडल्यावर पुन्हा हात लावायचा नाही. त्या वाटेने हजारो माणसं घरी परतली. आपल्या जिल्ह्यातूनही किती तरी जण पुण्याला गेले आणि नीट होऊन आले. मी स्वतः रुग्ण पाठवले आहेत.

पण एक हिशेब उरतो. जे परत घसरतात, त्यांचं काय? अफूवर्गीय व्यसनात घसरणारे थोडे नसतात, पुष्कळ असतात. त्यातही एक धोका फारसा कोणी सांगत नाही. महिना-दोन महिने बंद राहिलेल्या शरीराची सवय मोडलेली असते. असा माणूस बाहेर येऊन पूर्वीइतकाच गर्द घेतो, त्याचा श्वास मंदावतो आणि तो झोपेतच जातो. जो घसरून वाचतो, तो पुन्हा त्याच घोळक्यात बसतो, त्याच सुया वापरतो. तो पाचव्या खेपेला पूर्ण सुटणार असेलही. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेच्या मध्ये त्याला एचआयव्ही झाला तर? व्यसन सुटेल तेव्हा सुटेल, तोवर हा माणूस जगला पाहिजे आणि त्याच्या बायकोपर्यंत विषाणू पोहोचता कामा नये. मेथाडोनचा सगळा विचार या एका गरजेतून पसरला.

हे औषध जुनं आहे. जर्मनीतल्या कारखान्यात १९३०च्या दशकाच्या अखेरीस ते वेदनाशामक म्हणून तयार झालं. व्यसनाच्या उपचारात ते आणलं न्यूयॉर्कच्या डॉ. व्हिन्सेंट डोल आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेरी निसवांडर यांनी, १९६०च्या दशकाच्या मध्यावर. एचआयव्हीचं नावही तेव्हा जगाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट अशी : गर्दचा अंमल चार-सहा तासांत उतरतो, मेथाडोनचा चोवीस तासांहून अधिक टिकतो. ते हळूहळू चढतं, हळूहळू उतरतं. मात्रा नीट बसली तर माणसाला ना गुंगी येते, ना टर्की लागते. मेंदूत ज्या जागांवर गर्द जाऊन बसायचा, त्या जागा आधीच भरलेल्या असतात, त्यामुळे वरून गर्द घेतला तरी मजा येत नाही. शिवाय ते तोंडाने घ्यायचं पातळ औषध आहे. सुईचं कामच संपतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो रास्त आहे. ‘म्हणजे तुम्ही एक नशा काढून दुसरी लावता!’ शरीराला मेथाडोनची सवय होते, हे खरंच आहे. एकदम बंद केलं तर टर्कीही लागते. पण व्यसन म्हणजे नुसती शरीराची सवय नव्हे. सकाळी उठल्यापासून पुडीच्या मागे धावणं, त्यासाठी चोरी, उधारी, खोटं बोलणं, काम सुटणं, घर मोडणं, हे सगळं मिळून व्यसन होतं. रोज सकाळी दहा मिनिटं दवाखान्यात येऊन, औषध घेऊन, जो हमालीला किंवा रिक्षावर जातो आणि संध्याकाळी पैसे घरी देतो, त्याला मी व्यसनी म्हणत नाही. लोक म्हणोत. आमच्या डॉक्टर मंडळींतही या बाबतीत एकमत नाही, हेही सांगून ठेवतो.

दुसरा प्रश्न असतो, रोज दवाखान्यात कशाला? बाटली घरी द्या की. इथे आपल्या लोकांना क्षयरोगाची ‘डॉट्स’ पद्धत आठवेल. आरोग्य सेविकेसमोर, आशाताईसमोर गोळ्या घ्यायच्या, हे आपल्या गावोगावी झालेलं आहे. मेथाडोनचंही तसंच, फक्त कारण थोडं वेगळं. हे औषध भलत्याने घेतलं तर जीवघेणं आहे. ज्याला सवय नाही अशा मोठ्या माणसाला, आणि लहान लेकराला तर एखादी मात्राही पुरते. काही जणांत हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होतो, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून परिचारिका मोजून देते, समोर प्यायला लावते, दोन शब्द बोलायला लावते. बोलायला लावण्याचा हेतू, औषध तोंडात धरून बाहेर नेऊन विकलं जाऊ नये. त्या दोन शब्दांत मात्र पुढे बरंच काही घडतं. ‘जेवलास का?’, ‘पायाची जखम दाखव’, ‘बायकोची तपासणी केलीस का?’ जो माणूस पूर्वी रुग्णालयाच्या पायरीवरून हाकलला जायचा, तो रोज एका सरकारी टेबलापाशी स्वतःच्या पायांनी येतो. एचआयव्हीची तपासणी, क्षयाची तपासणी, काविळीची तपासणी, विषाणूविरोधी गोळ्या, सगळं त्या एका हजेरीला बांधता येतं. माझ्या मते औषधाइतकाच या हजेरीचा गुण आहे.

आणि एचआयव्ही खरोखर थांबतो का? अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात केलेला एक अभ्यास १९९३मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला बाधित नसलेल्या लोकांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं. जे मेथाडोनवर टिकून राहिले, त्यांच्यातल्या सुमारे साडेतीन टक्क्यांना या काळात लागण झाली. जे उपचाराबाहेर राहिले, त्यांच्यात हे प्रमाण बावीस टक्के निघालं. पुढे अनेक देशांतले असे अभ्यास एकत्र करून २०१२मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा या उपचाराने लागणीचा धोका निम्म्याहून थोडा जास्त, ५४ टक्क्यांनी, कमी होतो असं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्ये मेथाडोन आणि त्याच्या जोडीचं ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

उलट बाजूही जगाने पाहिली आहे. रशियात व्यसनाच्या उपचारासाठी मेथाडोन देण्यास बंदी आहे. युक्रेनमध्ये ते मिळत होतं. २०१४मध्ये क्रिमिया रशियाने घेतला आणि तिथल्या सुमारे आठशे रुग्णांचं औषध काही आठवड्यांत बंद झालं. त्यांतले कित्येक जण पुढे दगावले, असं संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक दूताने सांगितलं. गुन्हा कोणाचा नव्हता. खिडकी बंद झाली एवढंच.

आता आपल्या राज्यात येऊ. मुंबईत चेसिंग करणाऱ्यांतले काही जण नव्वदच्या दशकात सुईकडे वळले. कारण साधं होतं. माल महागला की धुरात वाया घालवणं परवडत नाही. शिरेत थोड्यात भागतं. त्याच दशकात एल्ड्रेड टेलिस यांच्या ‘संकल्प’ या संस्थेने मुंबईच्या रस्त्यांवर राहणाऱ्या या लोकांमध्ये काम सुरू केलं. आधी व्यसन सोड, मग ये, अशी अट त्यांनी घातली नाही. जखमांना मलमपट्टी, स्वच्छ सुया आणि ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखाली विरघळणारी गोळी. ही गोळी मेथाडोनपेक्षा थोडी सौम्य आणि अतिमात्रेच्या बाबतीत जास्त सुरक्षित आहे. भारतात सरकारी पातळीवर याच गोळीचा प्रसार आधी झाला. ‘नॅको’ने २००७-०८च्या सुमारास ती आपल्या कार्यक्रमात घेतली. मेथाडोनला आपल्याकडे २०१२ साल उजाडावं लागलं. तेव्हा देशात मोजक्या ठिकाणी ते प्रायोगिक स्वरूपात सुरू झालं आणि महाराष्ट्रातलं ठिकाण होतं मुंबईचं केईएम रुग्णालय.

मुंबईतल्या अशाच एका गोळी देणाऱ्या केंद्रात मी काही सकाळी बसलो आहे. बाहेरून पाहाल तर रेशनच्या दुकानासारखी रांग. हमाल, टेम्पोवाले, भंगार गोळा करणारी पोरं, एखादा शर्ट-पँट इस्त्री केलेला कारकून. परिचारिका गोळी कुटून पूड करते, जिभेखाली घालते, दोन मिनिटं समोर बसवते. रांगेत मला मराठवाड्याची बोली ऐकू आली म्हणून मी वळून पाहिलं. पोरगा गेवराईकडचा निघाला. घरी दीड एकर कोरडवाहू, आई-बाप ऊसतोडीला. कोपीत वाढलेला, कारखान्यागणिक शाळा बदललेला आणि मग सुटलेला. मुंबईत टेम्पोवर क्लीनर झाला. रात्रीच्या फेऱ्यांना जाग यावी, अंगदुखी थांबावी म्हणून कोणी तरी पुडी दिली. वर्षभरात पुडीवरून सुईवर. त्या केंद्रात आला तेव्हा एचआयव्हीबाधित झालेला होता. मी भेटलो तेव्हा गोळीवर येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं, एआरटीच्या गोळ्या सुरू होत्या आणि तो पुन्हा टेम्पोवर जात होता. या खेपेला चालक म्हणून.

त्याची आई पुढे माझ्याकडे माजलगावला आली. तिला एचआयव्हीचं सांगितलं होतं, गर्दचंही सांगितलं होतं. ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, एड्सच्या गोळ्या जल्मभर घ्यायच्या, ते कळलं. त्याला माझी ना न्हाई. पर ही जिभंखालची गोळी कवा सुटायची? जल्मभर नशेचीच गोळी खायाची का त्येनं?”

मी म्हणालो, “मावशी, एका गोळीला तुम्ही ना म्हणत नाही. मग दुसरीनं काय वाईट केलं?”

ती हसली, पण तिचं समाधान झालं नाही, हे मला दिसत होतं. तिचा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे. खरं उत्तर असं की काही जण एक-दोन वर्षांत मात्रा हळूहळू कमी करून बाहेर पडतात, काहींना बरीच वर्षं घ्यावी लागते, काहींना कायमची. घाई केली तर घसरण्याचा धोका वाढतो, हे मात्र नक्की. सोडायचं कधी, हे गावाने, पाहुण्यांनी किंवा पोलिसाने ठरवायचं नसतं. रुग्णाने आणि डॉक्टरने बसून ठरवायचं असतं.

खरी अडचण पुढे आली. बापाला अर्धांग झाला. मुकादमाची उचल घेतलेली होती, कोयता मोडून चालणार नव्हतं. आपल्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, हे शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. बापाच्या जागी पोराला जाणं भाग होतं. एआरटीच्या गोळ्यांचा प्रश्न सुटला. जास्त दिवसांचा साठा डब्यात घालून नेता येतो, आणि कारखाना ज्या जिल्ह्यात असेल तिथल्या केंद्रात नाव वळवूनही घेता येतं. आपल्या जिल्ह्यातली कित्येक माणसं हे आता सराईतपणे करतात. पण रोज सकाळी परिचारिकेसमोर घ्यायची गोळी उसाच्या फडात कशी न्यायची? पहाटे चारला तोड सुरू होते, गाडी भरून कारखान्यावर खाली होईस्तोवर रात्र. रोज हजेरी लावायला शहर गाठणं ही कल्पनाच चेष्टेची.

हा पेच सुटण्यासारखा नाही, असं नाही. २०२०मध्ये करोनाची टाळेबंदी लागली, ऊसतोडणी कामगार कारखान्यांवरच अडकून पडले, ते दिवस आपल्याला आठवत असतील. त्या काळात ‘नॅको’ने रोज हजेरीचा नियम सैल करून जुन्या, स्थिर रुग्णांना काही दिवसांच्या गोळ्या घरी द्यायला परवानगी दिली होती. त्या वेळी ते करता आलं. मग हंगामी स्थलांतर करणाऱ्या, विश्वासाच्या रुग्णाला एखाद्या जबाबदार नातलगाच्या हाती मोजून औषध देण्याचा, किंवा कारखान्याच्या तालुक्यातल्या सरकारी रुग्णालयात त्याची सोय लावण्याचा विचार व्हायला काय हरकत आहे? औषध बाजारात फुटण्याची भीती खोटी नाही. पण औषध न मिळाल्याने माणूस सुईकडे परत जाण्याची भीतीही तेवढीच खरी आहे. ती भीती कोणाच्या फायलीत नोंदली जात नाही, एवढाच फरक.

त्या पोराचं काय झालं, हे आपण विचाराल. तो हंगामाला गेला. तिसऱ्या आठवड्यात टर्की सहन न होऊन पळाला आणि मुंबईला जाऊन परत त्या रांगेत उभा राहिला. उचलीचे पैसे फिटले नाहीत म्हणून मुकादमाने घरी येऊन तमाशा केला. पण पोराने सुई धरली नाही, असं त्या केंद्रातल्या समुपदेशकाने मला फोनवर सांगितलं. आईने बोलणं टाकलं होतं, ते नंतर सुरू झालं.

आता जरा आपल्या जिल्ह्यापुरतं आणि आजचं. सरसकट सगळ्या नशांवर मेथाडोन चालत नाही, हे नीट ध्यानात घ्या. दारूवर नाही, गांजावर नाही, झोपेच्या नि ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर नाही. ते फक्त अफूच्या कुळातल्या पदार्थांसाठी आहे : गर्द, अफू, मॉर्फिनसारखी वेदनाशामक औषधं आणि कोडीन असलेली खोकल्याची बाटली. ती बाटली रोज रिचवणारा पोरगा आपल्या मुलाला साधा खोकला आहे असं सांगत असेल, तर पालकांनी जरा चौकशी करावी. आणि सुईचं म्हणाल तर ती आता गर्दुल्ल्यांपुरती राहिलेली नाही. रक्तदाब वाढवण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायचं मेफेन्टरमाइनचं इंजेक्शन व्यायामशाळेतली पोरं ताकदीसाठी म्हणून टोचून घेतात. पुण्यासह राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी त्याचे साठे पकडले आहेत. दंड कमावलेली ही पोरं स्वतःला व्यसनी मानत नाहीत. त्यामुळे एकाच सिरिंजवर तिघांनी भागवण्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. विषाणूला मात्र शिरेत काय भरलंय याच्याशी कर्तव्य नसतं.

कायद्याविषयी लोक विचारतात. स्वच्छ सुया देणं, ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देणं म्हणजे नशेला मदत करणं, म्हणून गुन्हा नाही का? नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. लागणीचा धोका कमी करण्यासाठी केलेल्या अशा कामाला त्या कायद्याने संरक्षण दिलं आहे. सुया बदलून देणं आणि असा औषधोपचार ही उदाहरणंच कायद्यात दिली आहेत. १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यातही, थोड्या प्रमाणातल्या गुन्ह्यात सापडलेला किंवा नुसतं सेवन केलेला माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला तर त्याला खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद आहे. मात्र उपचार अर्धवट सोडला तर ती सूट काढून घेता येते. २०१४च्या दुरुस्तीनंतर मेथाडोनसारखी औषधं रुग्णालयांना मिळवणंही पूर्वीपेक्षा सोपं झालं. कागदावर तरी वाट मोकळी आहे.

गावाची वाट मोकळी व्हायला वेळ लागतो. पण आपला जिल्हा याही बाबतीत अगदी कोरा नाही. एचआयव्हीबाधित मुलांना घरात घ्यायला सख्खे नातलग तयार नव्हते, त्या काळात बीडजवळ पाली इथे दत्ता आणि संध्या बारगजे यांनी ‘इन्फंट इंडिया’च्या माध्यमातून अशा लेकरांचं घर उभं केलं. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत एआरटी सुरू केली, तेव्हा देशात फक्त आठ रुग्णालयांत ती मिळत होती. आपल्याकडचे रुग्ण मुंबईच्या जे. जे.ला जायला एसटीचं भाडं उसनं मागायचे. पुढे त्याच गोळ्या आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत आल्या आणि माणसं जगायला लागली. जन्मभराची गोळी घेणारा माणूस शेत करतो, लग्नाला जातो, पंगतीत बसतो, हे गावाने पाहिलं तेव्हा गावाचं बोलणं बदललं. भाषणांनी फारसं बदललं नव्हतं.

वेळ संपत आला आहे, तेव्हा उपयोगाचं सांगून थांबतो. घरात, शेजारी, तालमीत कोणी सुईने काही घेत असेल, तर त्याला मारझोड करून कोंडून ठेवू नका. अफूवर्गीय व्यसन असलेल्या माणसाला नुसतं कोंडलं की सुटल्यावरचा पहिलाच डोस त्याचा जीव घेऊ शकतो. त्याची आणि त्याच्या बायकोची एचआयव्ही व काविळीची तपासणी करून घ्या. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवला जातो. तपासणीत बाधा निघाली तर गोळ्या लगेच सुरू होतात; पूर्वीसारखं पेशी कमी होईपर्यंत थांबावं लागत नाही, २०१७पासून हे धोरण बदललं आहे. एड्सविषयी माहितीसाठी १०९७ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या क्रमांकांवर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. फोन करताना जिभेखालची गोळी किंवा मेथाडोन जवळात जवळ कुठे मिळेल, हे स्पष्ट शब्दांत विचारा. समोरच्याने नुसता निवासी केंद्राचा पत्ता दिला, तर पुन्हा विचारा. आणि घरातला माणूस ऊसतोडीला जाणार असेल, तर ते आधीच सांगा, टोळी निघायच्या महिनाभर आधी.